एका कांद्यापासून दुसऱ्या कांद्यापर्यंत

आमची रुख्मिणीकाकू नवऱ्याला घेऊन आफ्रिकेत पळून गेली होती, असं कामरगावात अजूनही कुणी ना कुणी सांगतं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पळून जाणारं माणूस दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तयारी करत बसतं का? सासूशी, भावाशी, शेठच्या मुनिमाशी आणि न्हाव्याशीसुद्धा भांडून, प्रत्येकाला हो म्हणायला लावून जातं का? काकू गेली ती दिवसाढवळ्या, बैलगाडीत बसून, नवरा, तीन लेकरं आणि बियाण्याचे भोपळे बरोबर घेऊन. वर्षासाठी म्हणून गेली आणि वर्षानं परत आली. पुढं सगळा जन्म तिनं मळ्यातच काढला. त्या एका वर्षाबद्दल ती फारसं बोलत नसे. बोले ती जाण्याबद्दल. निघणं किती अवघड होतं, ते सांगताना तिचा आवाज अजून भांडणाचा व्हायचा.

मी तेव्हा जन्मलो नव्हतो. जे कळलं ते माझ्या वडिलांकडून, म्हणजे तिच्या धाकट्या दिराकडून, आणि पुढं तिच्याबरोबर वांगी तोडता तोडता तिच्याकडून. वडील मवाळ करून सांगत, काकू तिखट करून सांगे. मला तिखट आवडतं, म्हणून तिचंच सांगतो.

आमचा मळा गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याला लागून. विहिरीवर मोट चाले आणि त्या पाण्यावर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मुळे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कांदा निघे. माल कारंज्याच्या बाजाराला जाई. माझे थोरले काका, जगदेवकाका, मातीत पक्के आणि बोलण्यात कच्चे. त्यांना दोन वाक्यं सलग बोलायची म्हणजे अंगावर काटा येई. काकू अंगानं काडी, पण आवाज असा खणखणीत की मोटेची करकर चालू असतानाही शेजारच्या मळ्यातल्या बाईला कळे, आज हिच्या घरी कसली भाजी आहे ते. दोघांचं छान जमे. एकानं बोलायचं आणि एकानं ऐकायचं हे लग्नातच ठरलं असावं.

गोष्ट सुरू झाली चौतीस सालच्या दिवाळीत. कारंज्याचे एक शेठ कापसाचे मोठे व्यापारी होते. त्यांनी आफ्रिकेत युगांडा नावाच्या मुलखात कापसाचं जीन घातलं होतं आणि सरकी काढायच्या कामावर इकडचीच माणसं नेली होती. त्या माणसांना तिथं सगळं मिळे, पण आपली भाजी मिळत नसे. शेवटी त्यांनी शेठला निरोप धाडला की पगार नंतर पाहू, आधी मेथी पाठवा. मेथी काही बोटीतून पाठवता येत नाही. तेव्हा शेठच्या मुनिमाला आमचे काका आठवले, कारण त्यांच्या हातची वांगी त्यानं वर्षानुवर्षं खाल्ली होती. तो म्हणाला, वर्षभर तिकडं चल, जिनाशेजारी मळा उभा करून दे, तिथल्या माणसांना शिकव आणि परत ये.

त्या गावाचं नाव होतं जिंजा. आणि इथंच पहिला घोळ झाला.

काकांनी घरी येऊन आपल्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, मनकर्णाबाईला सांगितलं, "माय, मी वर्सभर जिंजाले चाललो."

आजीला ऐकू आलं ‘जिनाले’. कारंज्यात जीन होतं, गावची दहा माणसं तिथं हंगामात जात होती. आजी म्हणाली, "जाय नं मंग. त्यात इचारते काय? भाकर बांधून देत जाईन. सांजच्यापारी घरी येत जाय मात्र."

काकांनी ही चूक दुरुस्त केली नाही. आईनं हो म्हटलं, एवढ्यावर ते खूश होते. उरलेलं समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा बोलावं लागलं असतं. तो सगळा आठवडा आजी शेजारणींना सांगत राहिली की जगदेव जिनात लागला. ते फोडलं काकूनं. काका ओसरीवर बसून मेथीचं बी पाखडताना दिसले, तशी ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"जिनात जायले बियाणं कायले लागते तुमाले?"

मग सगळं बाहेर आलं. समुद्र आला, बोट आली, आफ्रिका आली. आजीनं कपाळावर हात मारून घेतला आणि भिंतीकडं तोंड करून निजली. काका काकूची समजूत काढू लागले, "मी एकटा जाऊन येतो. वर्स काय, असं निंगून जाते."

काकूनं तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "जायचं त सारेच जाऊ. नाई त कोणीच नाई."

हे ती रागानं म्हणाली नव्हती. त्याच्यामागं एक जुनं दुखणं होतं, ते सांगितल्याशिवाय तिचा हट्ट कळायचा नाही.

काकूचं माहेर धनजचं. तिचे वडील पंजाबराव पहिल्या महायुद्धात मजुरांच्या टोळीबरोबर बसऱ्याला गेले होते. वर्षभराचं काम, असं सांगून गेले. काकू तेव्हा नुकती चालायला लागली होती. वर्षाची किती वर्षं झाली, ते घरात कुणी मोजेनासं झालं. मग एका दुपारी दाढी वाढलेला, काळा पडलेला एक माणूस धनजच्या त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्याला झोळी होती. घरात काकू एकटी होती. तिला वाटलं, फकीर आला. तिनं आत जाऊन ओंजळभर पीठ आणलं आणि त्याच्या झोळीत घातलं.

आणि त्या माणसानं ते घेतलं. मी तुझा बाप आहे, असं म्हणाला नाही. झोळी पुढं धरली, पीठ घेतलं आणि तिथंच ओट्यावर बसून राहिला. विहिरीवरून तिची आई आली तेव्हा उलगडा झाला.

पंजाबराव त्यानंतर थोडीच वर्षं जगले. काकू म्हणे, "बा खाटंवर राहे, मी दारामांगं राहो. त्याले मले बलवायची लाज वाटे अन् मले त्याच्याकडं जायची. मेला तवा सारे रडत होते. मले पाहुणा गेल्यावानी वाटलं." हे सांगताना ती वांग्याच्या झाडावरून हात काढून घेई. आपल्या पोरांच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिला पक्कं ठाऊक होतं. बाप जाईल तर पोरं जातील. पोरं जातील तर ती जाईल. हिशेब साधा होता आणि तो तिला कुणी मोडून दाखवू शकत नव्हतं.

मुनीम आधी हसला. "बाई, वहाँ औरत-बच्चे कौन ले जाता है? आदमी जाते हैं, काम करते हैं, आते हैं."

काकू काकांबरोबर कारंज्याला त्याच्या पेढीवर गेली होती, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. ती म्हणाली, "हे मेथी पेरतीन. मंग निंदन कोण करीन? जुड्या कोण बांधीन? आमच्या मळ्यात रोप माह्या हातचं राह्यते, इचारा यायले."

मुनिमानं काकांकडं पाहिलं. काकांनी स्वतःच्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाले, "व्हय."

"तुमाले मळा पाह्यजे का नुस्ता मानूस पाह्यजे, ते सांगा," काकू म्हणाली.

मुनीम माणूस चांगला होता. शिवाय मेथी त्यालाही प्यारी होती. त्यानं विचारलं, मग किती दिवस राहाल? काका ‘वर्स’ म्हणायच्या आतच काकू म्हणाली, "यंदाचा कांदा काढून निंगू. पुढचा कांदा काढाले घरी येऊ. एका कांद्यापासून दुसऱ्या कांद्यापर्यंत. त्याच्याहून एक दिवस जास्त नाई." बसऱ्याचं वर्ष तिनं पाहिलं होतं, म्हणून वर्ष या शब्दावर तिचा भरवसा नव्हता. कांद्यावर होता. कांदा कुणाच्या सांगण्यावरून लांबत नाही.

त्या दिवसापासून तिनं जी तयारी मांडली, तिच्यावर मी एक वेगळी वही भरीन. मळ्यातला वांग्याचा तुकडा दोन हंगाम मधूनच सुकत होता. तिनं ठरवलं, तो तुकडा वर्षभर पडीत ठेवायचा आणि बाकीचा माझे वडील करतील. आजी म्हणाली, जमीन मोकळी टाकून जगभर हिंडायला चाललेत, लोक काय म्हणतील? काकूनं उत्तर दिलं, "वावर एक साल निजते तवा त्याले कोणी आळशी म्हनते काय? मंग आमी एक साल उठून गेलो त कायचा बोभाटा?" बियाणं तिनं स्वतः निवडलं, राखेत घोळलं, वाळलेल्या भोपळ्यांत भरून वर मेण लावलं. पोरांसाठी सातूचं पीठ, लाह्या, तिळाची चटणी, आवळ्याच्या वाळलेल्या फोडी असं बांधून ठेवलं. तिथं पोळा कोणत्या महिन्यात येतो, हे ती मुनिमाला विचारायला विसरली नाही. त्याला सांगता आलं नाही, म्हणून तिनं मातीचे दोन छोटे बैलही घेतले.

मधल्या पोराला, शालिकरामला, तिनं पाठ करून घेतलं होतं. बोटीवर हरवला आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं? "शालिकराम जगदेव, गाव कामरगाव, तालुका मुर्तिजापूर, जिल्हा अकोला, वऱ्हाड." तो हे झोपेतही म्हणे. थोरली गिरजा सहा वर्षांची, तिच्यावर धाकट्याची जबाबदारी. धाकटा लखीराम, लख्या, अडीच वर्षांचा, त्याच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती आणि पुढचा सगळा गोंधळ त्याच्यामुळेच झाला.

पण त्याआधी झोक्याचं सांगितलंच पाहिजे. बोट हलते आणि माणसाला ओकाऱ्या होतात, हे काकूनं बाजारात ऐकलं होतं. पोरांचं काय होईल? मग पाहूनच घेऊ, असं म्हणून तिनं गोठ्यापुढच्या चिंचेला चारही कोपऱ्यांनी दोर बांधून बाज टांगली. त्या बाजेवर सगळ्या घराला बसवलं आणि जोरजोरात हालवत भाकरीचे घास भरवले. गिरजा खिदळत जेवली. शालिकनं आणखी मागितलं. लख्या झोपून गेला. काका मात्र पांढरे पडले, उतरले आणि कडब्याच्या गंजीमागं जाऊन बराच वेळ आले नाहीत. काकूची पोरांची काळजी मिटली, नवऱ्याची लागली. त्यांच्यासाठी तिनं लिंबाच्या लोणच्याची एक बरणी जास्त घेतली.

आजी हळूहळू विरघळत होती. तिला नातवंडांचा लळा होता आणि सुनेचा मनातून धाक होता, पण हे ती कबूल करत नसे. तिनं एकच अट घातली. लख्याचं जावळ काढून मगच जायचं. "जन्माचे केस खाऱ्या पान्यावरून नाई नेत कोणी. तेवढं करा अन् मंग कुठी जायचं तिकडं जा."

अट रास्त होती. काकूलाही पटली. जावळाला मामाची मांडी लागते. भाच्याला मांडीवर घेऊन मामा बसतो आणि न्हावी पहिली बट कापतो. काकूला सख्खा भाऊ एकच, उकंडराव. धनजला शेती करायचा. बाप बसऱ्याला असताना यानंच पोरवयात घर ओढलं, बहिणीला लहानाची मोठी केली, तिचं लग्न केलं. काकू त्याला भाऊ कमी आणि बाप जास्त मानत असे.

चैत्र नुकता लागला होता. काकू लख्याला घेऊन धनजला गेली तेव्हा उकंडराव खळ्यात गहू उफणत होता. भाच्याला पाहून त्यानं सूप खाली ठेवलं, त्याला हवेत उडवलं, त्याच्या जावळात गव्हाचा भुसा भरवला.

"दादा, लख्याचं जावळ हाये. तुले या लागते."

"येतो नं. कवा?"

"कांदा निंगाला का. मंग आमी बी निंगतो."

उकंडरावानं लख्याला खाली ठेवलं. "म्हंजे तुमी जातच हा?"

"व्हय."

"मंग मी येत नाई."

"काहून?"

"तुले माहीत हाये काहून. एक बाप गेला ते पुरे नाई झालं? आता बहीन बी, भाचे बी? मी मांडी देत नाई. अन् भावकीतल्या कोन्या भावानं दिली त त्याच्या घरचं पानी पेनार नाई मी."

"दादा, बा एकटा गेला म्हनूनच मी संगं चालली."

"बा गेला म्हनूनच मी नाई म्हनतो."

दोघांचं दुखणं एकच होतं आणि औषध अगदी उलट. काकूनं त्याच्याशी वाद घातला नाही. एरवी वाद न घालणं तिला जमत नसे. ती त्याच्या पाया पडली, लख्याला उचललं आणि गाडीत बसली. मग धनजपासून कामरगावापर्यंत बैलांना शिव्या देत रडत आली. बैलांनी काही केलं नव्हतं.

आजीनं तोडगा काढला. "लख्याले माह्याजवळ ठेवा. दोघाले घेऊन जा. वर्सभराचंच त हाये."

हा तोडगा सगळ्यांना आवडला, हे मला सांगताना माझे वडील अजून खाली बघत. लहान पोर, लांबचा प्रवास, आजी मायेची, घर भरलेलं. यात वाईट काय? जगदेवकाकांनाही पटलं. ते म्हणाले, "माय सांभाळीन. लहान हाये तो, त्याले काय समजते?"

काकूनं त्यांना विचारलं, "मले काय समजत होतं? वर्सानं आपन येऊ अन् लख्या मले पाहून तुमच्या मायच्या लुगड्याआड लपीन. मंग काय करान? त्याच्या हातचं पीठ घेसान?"

त्या दिवशी काका मोटेवर गेले आणि अंधार पडेपर्यंत पाणी काढत राहिले. वांग्याचा तुकडा पडीत ठेवायचा होता, हे विसरून त्यालाही पाणी दिलं.

कांदा निघाला. पात कापून झाली. आणि काकू आजीपुढं येऊन बसली.

"आत्याबाई, मामाची मांडी कायले लागते?"

"कायले म्हंजे? माहेरचा मान हाये तो."

"म्हंजे माह्या माहेरची मांडी पाह्यजे."

"व्हय."

"मंग मी कोन्या घरची लेक हावो?"

आजीचं तोंड उघडं राहिलं. तिला यातला डाव कळला. "अवं, पन माय कशी बशीन? रीत मामाची हाये."

"माय म्हनून नाई बसत. पंजाबरावची लेक म्हनून बसतो."

"लोक हासतीन."

"हासू द्या. आमी येईस्तोवर त्यायचं हासनं सरून जाईन."

आजीनं मान हलवली, पुन्हा हलवली, आणि मग विचारलं, "अन् मामाचा मानाचा फेटा?"

"घाला माह्या डोक्शावर," काकू म्हणाली.

जावळाच्या दिवशी अंगणात माणूस मावत नव्हतं. कोणी आशीर्वाद द्यायला आलं असेल, बाकी सगळे बघायला आले होते. चौक घातला, पाट मांडला आणि काकू लख्याला मांडीवर घेऊन बसली, डोक्यावर लाल फेटा, फेट्यावरून पदर. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. काकूनं एकदा सगळीकडं नजर फिरवली आणि हसू कमी झालं.

अडला तो रामराव न्हावी. जावळ काढताना न्हावी मामाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो. इथं समोर दुसऱ्याच्या घरची सून. रामराव लाजून हातभर लांब बसला आणि तिथूनच हात लांब करून वस्तरा चालवायला लागला.

"रामरावभाऊ, इतक्या लांबून कापान त पोराचा कान जाईन," काकू म्हणाली. "जवळ या. आज मी मामा हावो."

अंगण हसलं, रामरावही हसला आणि जवळ सरकला. पहिली बट पडली. आजीनं ती कणकेच्या गोळ्यात घेतली. लख्यानं असा सूर लावला की नाल्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. उजवी बाजू साफ झाली. रामरावानं वस्तरा पुसला, डावीकडं वळवला, तेवढ्यात दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

उकंडराव आत आला. अंगावर खळ्यातलाच धुळीचा सदरा होता. बहीण स्वतः मांडी देऊन बसते आहे, हे त्याला बाजारातून कळलं होतं. लख्या दम घ्यायला थांबला.

"ऊठ थून," उकंडराव म्हणाला.

"नाई उठत."

"ऊठ म्हनतो नं."

"अडवाले आला असशीन त परत जाय, दादा. अर्धं झालं. उरलेलं बी आता व्हते."

उकंडराव तिथंच उभा राहिला. त्याचा चेहरा बघून काकूला वाटलं, हा आता ओरडेल. पण तो अगदी हळू बोलला, इतका की मागच्यांना ऐकू गेलं नाही.

"बाले टेसनावर मीच पोचवून देल्लं होतं, रुख्मे. गाडी मीच हाकली. मले हौस होती गाडी हाकायची, म्हनून मी म्हटलं, मी नेतो. रस्त्यात तो दोनदा म्हने, परत फिरव, नाई जात. मी म्हटलं, चाल नं बा, वर्सात येशीन." त्यानं लख्याकडं बोट केलं. "मांडी देल्ली का पुन्हा माह्याच हातानं धाडनं झालं."

काकूला हे माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. एवढी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन नांगर धरत होता, याचं मला अजून वाईट वाटतं. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलली नाही.

"तुनं नाई धाडलं त्याले. तू बारा वर्साचा पोट्टा होता. तो गेला. अन् मले बी तू धाडून नाई राह्यला, दादा. मी जाऊन राह्यली. तू बस नाई त नको बसू, मी जानारच हावो." मग तिनं लख्याच्या डोक्याकडं पाहिलं. एक बाजू कांद्यासारखी लख्ख, दुसरीवर झुलपं. "अर्धं डोकं राह्यलं हाये. तेवढ्याले बस."

उकंडराव पाटावर बसला. काकूनं आपल्या डोक्यावरचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि रडणारं पोर त्याच्या मांडीवर दिलं. रामरावानं सुटकेचा श्वास टाकला आणि उरलेलं जावळ भराभर उतरवलं. पोर रडत होतं आणि मामाही रडत होता, सगळ्या गावासमोर, तोंड न लपवता.

मग वाद निघाला, की असं जावळ चालतं का? अर्धं आईच्या मांडीवर, अर्धं मामाच्या? दोन-तीन जाणत्या बायकांनी नाकं मुरडली. आजीनं निकाल दिला. "उजवं लेकीचं, डावं लेकाचं. घर त एकच हाये नं? झालं जावळ. चाला, पंगत बसवा." माझी आजी काय चीज होती, ते मला त्या दिवशीच्या या एका गोष्टीवरून कळतं.

दुसऱ्या दिवशी कारंज्याच्या स्टेशनापर्यंत गाडी कुणी हाकायची, यावर चर्चा झाली नाही. उकंडराव जाऊन धुरेवर बसला. लख्याला त्यानं पुढं, आपल्या मांडीत घेतलं, एका हातात कासरा, दुसऱ्या हातात पोर. मागं शालिक आपलं नाव, गाव, तालुका, जिल्हा म्हणत होता आणि काका लोणच्याच्या बरणीवर हात ठेवून बसले होते.

कारंज्याची गाडी लहान, मुर्तिजापूरला जाऊन मोठ्या गाडीला मिळणारी. सामान चढलं, भोपळे चढले, गिरजा आणि शालिक खिडकीला चिकटले. लख्या मामाच्या खांद्यावर झोपला होता. त्याच्या उघड्या डोक्याला हळद लावलेली होती. गार्डानं शिटी फुंकली. काकू डब्याच्या दारात उभी राहिली आणि तिनं हात पुढं केले.

"दे, दादा."

उकंडरावानं रुळांकडं पाहिलं. पोर त्यानं आणखी घट्ट धरलं. काका काहीतरी बोलायला उठले, तर काकूनं त्यांना मागं सारलं. तिनं दुसऱ्यांदा मागितलं नाही. नुसते हात तसेच पुढं ठेवले.

गाडी हलली. उकंडराव तिच्याबरोबर चालायला लागला, मग भराभर चालायला लागला, आणि फलाट संपत आला तेव्हा त्यानं लख्याला उचलून तिच्या हातांत दिलं.

"मीच देऊन राह्यलो, रुख्मे," तो मागून ओरडला. "माह्या हातानं देऊन राह्यलो!"